गाल फुगलेल्या कोळंबीतला परजीवी: नाव देण्याआधी काय बघावं

पुण्यातल्या एका एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रकल्पासाठी गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून दोन प्रकारची कोळंबी आणली. एक समुद्रातली, मध्यम आकाराची. दुसरी लहान, विक्रेत्याच्या सांगण्यानुसार कोकणातल्या खाडीची. तिच्यातल्या काहींच्या पोटाखाली अंडी होती. दोन्ही प्रकारांत काही कोळंब्यांच्या डोक्याच्या एका बाजूला, कल्ल्यांवर, टपोरा फुगवटा दिसला. कवच उचललं तर आत चपटा, फिकट पिवळा, वाकडातिकडा जीव आणि त्याच्या एका अंगाला अंड्यांचा गच्च थर. इंटरनेटवरच्या फोटोंशी ताडून पाहिल्यावर ‘बोपायरस स्क्विलारम’ हे नाव मिळालं. मित्र म्हणतो ही माशाची ऊ आहे. मार्गदर्शकांनी पूर्ण वर्गीकरण मांडायला सांगितलंय. तर नाव काय लिहू, वर्गीकरण कुठवर नेऊ, आणि अशी कोळंबी खाल्ली तर काही अपाय होतो का?

शेवटच्या शंकेचं उत्तर आधी देते. हा परजीवी माणसाच्या अंगात राहू शकत नाही. त्याचं सगळं आयुष्य कवचधारी प्राण्यांवर जातं. कोळंबी साफ करताना तो डोक्याबरोबर निघून जातो आणि बाकीची कोळंबी नेहमीसारखी शिजवून खाता येते.

आता मुख्य गोष्ट. नाव विचारताय, पण तुमच्यापुढची खरी अडचण वेगळी आहे: हातात जेवढा पुरावा आहे तेवढ्यावर वर्गीकरणाच्या कोणत्या पायरीपर्यंत खात्रीने उतरता येतं? कुळापर्यंत उतरणं सोपं आहे. उपकुळ बहुतेक वेळा ठरतं. वंश ठरवायला सूक्ष्मदर्शकाखाली बसावं लागतं, आणि जातीचं नाव द्यायला त्याहून बरंच काही लागतं. प्रबंधात चुकीच्या जातीपेक्षा बरोबर वंशावर थांबलेलं नाव केव्हाही चांगलं, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना कायम सांगत आले आहे.

फोटो पाहिल्याशिवाय, किंबहुना नमुने पाहिल्याशिवाय, मी जात सांगू शकत नाही. तुमच्याकडे नर आहे का, नमुने फॉर्मॅलिनमध्ये टाकलेत की अल्कोहोलमध्ये, मादी पूर्ण वाढलेली आहे की कोवळी, यजमान कोळंबी जपून ठेवली आहे की कढईत गेली, यांवर पुढचं बरंचसं अवलंबून आहे. पण तुम्ही दिलेल्या वर्णनातूनही काही गोष्टी पक्क्या होतात.

कल्ल्याच्या पोकळीत फुगवटा करून राहणारा, चपटा, एका बाजूला वाकलेला आणि पोटाकडच्या पिशवीत अंडी बाळगणारा जीव म्हणजे बोपायरिडी कुळातला आयसोपॉड, कवचधारींच्या आयसोपोडा या गणातला प्राणी. मित्राचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. माशांच्या तोंडात, कल्ल्यांत किंवा अंगावर राहणारे सायमोथोइडी कुळातले आयसोपॉड याच सायमोथोइडा उपगणात येतात, म्हणजे नात्यातले आहेत. पण त्यांची मादी साधारण सममित असते, पाय भक्कम आणि आकड्यांचे असतात, आणि त्यांचं मुख्य घर मासा आहे. ‘माशाची ऊ’ म्हणून आर्ग्युलसलाही ओळखतात. तो तर आयसोपॉडच नाही. त्यामुळे ते नाव प्रबंधात नको.

वर्गीकरणाची उतरंड आज अशी मांडतात: संघ आर्थ्रोपोडा, उपसंघ क्रस्टेशिया, वर्ग मॅलाकोस्ट्राका, अधिगण पेराकॅरिडा, गण आयसोपोडा, उपगण सायमोथोइडा, त्याखाली एपिकॅरिडिया, मग अधिकुळ बोपायरॉइडिया आणि कुळ बोपायरिडी. जुन्या पाठ्यपुस्तकांत एपिकॅरिडिया हाच स्वतंत्र उपगण दिसेल. नंतरच्या अभ्यासांत तो सायमोथोइडामध्ये सामावला गेला. 2013 मध्ये रेणवीय, म्हणजे डीएनएच्या, पुराव्यावरून आणखी एक बदल झाला: पूर्वी बोपायरिडीतच धरलेला एक गट आयोनिडी या वेगळ्या कुळात गेला. दोन पुस्तकांत दोन उतरंडी सापडल्या तर गोंधळू नका. कोणती पद्धत घेतली ते एका वाक्यात लिहा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

अवघड भाग यापुढे आहे. तुम्ही दोन्ही कोळंब्यांतल्या परजीवींना एकच नाव दिलंत, कारण दोघे सारखे दिसले. नेमकी हीच पायरी मला पटत नाही.

बोपायरिडीच्या मादीची बाह्यरेषा ती ज्या पोकळीत वाढली त्या पोकळीने घडवलेली असते. साच्यातून काढलेल्या मोदकाच्या आकारावरून उकड कोणत्या तांदळाची हे सांगता येत नाही, तसंच हे. जागा अरुंद असेल तर मादी लांबट होते, प्रशस्त असेल तर पसरते. डाव्या कल्ल्यातली एका बाजूला वाकते, उजव्या कल्ल्यातली दुसऱ्या. एकाच जातीच्या दोन माद्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा वाटाव्यात इतक्या वेगळ्या दिसतात, आणि दोन वेगळ्या वंशांच्या माद्या वरून पाहिल्यास हुबेहूब वाटतात. दिसण्यावरून चकण्याचा इतिहासही जुना आहे. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार कोळंबीच्या गालातल्या या चपट्या जीवाला सोल नावाच्या चपट्या माशाचं पिल्लू समजत. 1772 मध्ये फ्रेंच निसर्ग-अभ्यासक फूझरू द बोंदारॉय यांनी तो जीव तपासून दाखवून दिलं की हे माशाचं पिल्लू नव्हे, कोळंबीला चिकटून राहणारा वेगळाच प्राणी आहे. त्या लोकांनी निरीक्षण नीट केलं होतं. फक्त बाह्यरेषेवर भरवसा ठेवला होता.

म्हणून सुरुवात परजीवीपासून करू नका, यजमानापासून करा. विक्रेत्याचं ‘टायगर’ किंवा ‘सफेद’ हे नाव इथे पुरत नाही. आधी एवढंच ठरवा की कोळंबी पीनिइड आहे की कॅरिडियन; कोळंबीचे हे दोन मोठे गट आहेत. पोटाच्या दुसऱ्या खंडाची बाजूची पट्टी पहिल्या आणि तिसऱ्या, दोन्ही खंडांवर चढलेली असेल तर ती कॅरिडियन. पहिल्या खंडाची पट्टी दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर अशी क्रमाने चढत गेली असेल तर पीनिइड. पीनिइडच्या चालायच्या पायांपैकी पहिल्या तिन्ही जोड्यांना चिमटे असतात; कॅरिडियनच्या तिसऱ्या जोडीला नसतात. आणि पीनिइडची मादी अंडी पाण्यात सोडून देते, पोटाखाली धरत नाही. तुमच्या खाडीतल्या कोळंबीच्या पोटाखाली अंडी होती, म्हणजे ती कॅरिडियन. बहुधा पॅलिमोनिडी कुळातली, मॅक्रोब्रॅकियम किंवा तिच्या नात्यातली. समुद्रातली मध्यम आकाराची कोळंबी पीनिइड असण्याची शक्यता जास्त, पण हे चिमटे मोजून पक्कं करा.

याला इतकं महत्त्व का? बोपायरिडीची उपकुळं बरीचशी यजमानांच्या गटांप्रमाणे विभागलेली आहेत. पीनिइड कोळंबीच्या कल्ल्यांत प्रामुख्याने ऑर्बिओनिनी उपकुळातले वंश मिळतात: ऑर्बिओने, एपिपीनियॉन, पॅरापीनियॉन. कॅरिडियन कोळंबीच्या कल्ल्यांत बोपायरिनी उपकुळ जास्त, आणि मॅक्रोब्रॅकियमवर प्रोबोपायरस हा वंश ओळखीचा आहे. कोळंबीच्या पोटाखाली चिकटलेला मिळाला तर हेमिआर्थ्रिनीकडे बघायचं. संन्यासी खेकड्याच्या पोटावर मिळाला तर अथेल्जिनीकडे. (बोपायरिडी हे कुळ आणि बोपायरिनी हे त्यातलं एक उपकुळ, हे लिहिताना जपा, टंकनात एक अक्षर इकडचं तिकडे झालं की अर्थच बदलतो.)

यातून तुमच्या ‘बोपायरस स्क्विलारम’चंही उत्तर मिळतं. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लाट्रेय यांनी 1802 मध्ये वर्णन केलेली ही जात युरोपच्या किनाऱ्यावरच्या पॅलीमॉन कोळंबीवर राहते. कुळाला नाव देणारा वंश असल्यामुळे तिचे फोटो सगळीकडे आहेत आणि शोधलं की तीच पुढे येते. अरबी समुद्रातल्या पीनिइड कोळंबीत ती असेल असं मानायला आधार नाही. 2012 च्या एका जागतिक आढाव्यानुसार कवचधारींवर राहणाऱ्या या परजीवी आयसोपॉडच्या 800च्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य बोपायरिडीतल्या आहेत. त्यांतल्या मोजक्यांचेच चांगले फोटो इंटरनेटवर मिळतात. तेव्हा फोटो जुळला म्हणजे ‘ज्यांचे फोटो आहेत त्यांच्यापैकी हा सर्वांत जवळचा’, इतकाच त्याचा अर्थ.

मात्र यजमानावरून उपकुळ ठरतंच असं समजू नका. त्यावरून फक्त कुठे बघायचं ते कळतं. ठरवायचं ते परजीवीच्या अंगावरच्या खुणांवरून. अन्यथा नंतर ‘अमुक उपकुळ अमुक यजमानावरच मिळतं’ असा निष्कर्ष काढाल तेव्हा तो आधीच गृहीत धरलेला असेल.

अंगावरच्या खुणांत कामाच्या त्या, ज्यांना पोकळीचा आकार फारसा बदलू शकत नाही. मादीला उलटी करा. पोटाकडे पिल्लांची पिशवी आहे; ती ऊस्टेगाइट नावाच्या पाच जोड पट्ट्यांनी बनते. पहिली जोडी बारीक चिमट्याने अलगद सोडवा आणि तिचा आकार, आतल्या कंगोऱ्यावरचे फाटे आणि मागचं टोक काढून ठेवा. डोक्याखाली मॅक्सिलिपेड, म्हणजे तोंडाजवळचा पायासारखा अवयव, असतो. त्याला पॅल्प (टोकाचा लहान फाटा) आहे का, असल्यास सांध्याने जोडलेला आहे की नुसता पुढे आलेला, ते बघा. डोक्याच्या खालच्या मागच्या कडेला बार्बुला म्हणजे लहान फाट्यांची झालर असते. दोन्ही बाजूंचे फाटे मोजा. मग पोटाचे सहा खंड स्पष्ट सुटे आहेत की एकमेकांत मिसळलेत, प्लिओपॉडच्या (पोटाखालच्या पायांच्या) किती जोड्या आहेत, प्रत्येक एकशाखी की दुशाखी, शेवटी युरोपॉड, म्हणजे पोटाच्या टोकाची उपांगं, आहेत की नाहीत. ऑर्बिओनिनीत मादीच्या पोटाचे खंड साधारण सुटे दिसतात आणि प्लिओपॉड दुशाखी असतात. बोपायरिनीत खंड एकमेकांत मिसळण्याकडे आणि प्लिओपॉड लहान होण्याकडे कल असतो. कुठे आणि किती मिसळले यावरून वंश वेगळे होतात.

आणि नर! बहुतेक विद्यार्थी तो गमावतात. तो फक्त काही मिलिमीटरचा, सडपातळ आणि सममित असतो. मादीच्या पोटाच्या टोकाकडे, प्लिओपॉडच्या आड तो चिकटून बसतो. मादी चिमट्याने ओढून काढली आणि नळाखाली धुतली की तो गेलाच. त्याची घडण मादीइतकी विकृत होत नाही, म्हणूनच तो ओळख पटवायला मोलाचा आहे. त्याच्या पोटाचे खंड सुटे आहेत की जुळलेले, प्लिओपॉड उरलेत का, पोटाखाली मध्यरेषेवर उंचवटे आहेत का, शृंगिकांचे सांधे किती, हे सगळं नोंदवा. पिशवीत किंवा बशीच्या तळाशी अजून द्रव उरला असेल तर तो फेकू नका. सूक्ष्मदर्शकाखाली गाळून बघा.

नर इतका लहान का, याचं कारण जीवनचक्रात आहे, आणि ते समजलं की नमुने बघण्याची नजरही बदलते. मादीच्या पिशवीतून बाहेर पडणारी एपिकॅरिडियम अळी आधी कोपेपॉडवर, म्हणजे प्लवकातल्या सूक्ष्म कवचधारीवर चिकटते. तिथे ती मायक्रोनिस्कस अवस्थेत वाढते, मग क्रिप्टोनिस्कस होऊन कोपेपॉड सोडते आणि कोळंबी शोधते. रिकाम्या कोळंबीत पहिली पोचलेली अळी साधारणपणे मादी होते. नंतर आलेली तिच्यावर बसते आणि नर होते. त्यामुळे एखाद्या कोळंबीत लहानशी, जवळजवळ सरळ, अंडी नसलेली मादी मिळाली तर ती वेगळी जात म्हणून बाजूला काढू नका. ती अजून वाकायची आहे. तुम्ही अंड्यांचा रंग लिहिलेला नाही, तो लिहा. अंडी ताजी असताना फिकट पिवळसर असतात आणि आतली पिल्लं तयार होत आली की गडद होतात. रंग अवस्था सांगतो, जात नाही.

यजमानावर होणारा परिणामही प्रकल्पात यायला हवा, कारण तो तुमच्याच नमुन्यांत तपासता येतो. मादी परजीवी कोळंबीचं रक्त शोषते. अशा कोळंबीची जननग्रंथी बहुधा वाढत नाही, आणि नर कोळंबीत नरपणाची बाह्य लक्षणं खुंटलेली दिसू शकतात. ऑस्ट्रेलियाच्या कार्पेंटारिया आखातात पीनियस सेमीसल्केटस या कोळंबीवरच्या एपिपीनियॉन इन्जेन्सचा या दृष्टीने चांगला अभ्यास झाला आहे. यातून एक खबरदारी निघते: फुगवटा असलेल्या कोळंबीची जात ठरवताना फक्त तिच्या जननांगांवर विसंबू नका. त्याच ढिगातली निरोगी कोळंबी सोबत ठेवून ताडा.

पुण्यात बसून हे काम करणाऱ्याला आणखी एक अडचण असते आणि प्रबंधांत ती बहुधा लपलेली राहते. आपल्याकडे समुद्र नाही. बाजारात येणारा बर्फातला माल एकाच किनाऱ्याचा असेलच असं नाही, आणि वाटेत ढीग एकमेकांत मिसळतात. म्हणून नोंदीत ‘स्थळ: पुणे’ असं लिहू नका; ‘गणेश पेठ बाजारातून खरेदी, मूळ ठिकाण विक्रेत्याच्या सांगण्यानुसार अमुक’ असं लिहा. त्याच कारणाने ‘इतके टक्के कोळंब्यांना लागण’ हा आकडा समुद्रातल्या लागणीचा म्हणून देऊ नका. बाजारात येईपर्यंत माल निवडलेला असतो आणि गाल फुगलेली कोळंबी कधी कधी आधीच बाजूला काढलेली असते. टक्केवारी द्यायचीच असेल तर ती तुम्ही तपासलेल्या ढिगाची म्हणून द्या, आणि त्यात फुगवटा नसलेल्या कोळंब्यांचेही कल्ले उघडून बघा. कोवळ्या मादीने फुगवटा केलेलाच नसतो. उलट कधी फुगवटा असतो आणि आत कोणीच नसतं.

आता हातातल्या नमुन्यांचं काय करायचं ते सांगते. जे काढून झालंय ते झालं. पण यापुढची कोळंबी मिळाली की परजीवी लगेच उपटू नका. आधी फुगवटा डावीकडे की उजवीकडे ते लिहा, कोळंबीच्या डोक्याच्या कवचाची लांबी मोजा, फोटो घ्या. मग कवच कात्रीने कडेने कापून उचला आणि परजीवी जागच्या जागी कसा बसलाय, डोकं कुठे, पोट कुठे, पिशवी कवचाकडे की कल्ल्यांकडे, याचा फोटो घ्या. त्यानंतरच नर आणि मादी दोघांना एका लहान कुपीत काढा आणि त्याच क्रमांकाची कोळंबी शेजारच्या बाटलीत ठेवा. बाह्यरचनेसाठी 70 टक्के अल्कोहोल पुरतं. डीएनए करायचा विचार असेल तर 95 टक्के किंवा त्याहून तीव्र. फॉर्मॅलिनने आकार टिकतो पण डीएनएचं काम अवघड होऊन बसतं. चिठ्ठी पेन्सिलने लिहून कुपीच्या आत घाला. बाहेरची लेबलं अल्कोहोलने पुसली जातात.

डीएनएबद्दल एक सूचना. मादीच्या पोटात यजमानाचं रक्त असतं, त्यामुळे तिच्या धडाचा तुकडा घेतला तर कोळंबीचाच डीएनए-क्रम वाचून येण्याचा धोका आहे. मादीचा पाय किंवा पिशवीतली पिल्लं घेणं जास्त सुरक्षित. नर घ्यायचा तर आधी त्याची चित्रं पूर्ण करा. आणि क्रम आला तरी डीएनए-क्रमांच्या संग्रहात जवळची नोंद नसेल तर त्यावरून जात मिळणार नाही.

साहित्य शोधताना सुरुवात बनवारीलाल चोप्रा यांच्या 1923 च्या प्रबंधापासून करा. भारतीय कोळंबीवर्गावरच्या बोपायरिडींवरचं ते काम ‘रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम’मध्ये आहे आणि आजही त्याच्यावाचून पुढे जाता येत नाही. पण त्यातली नावं जशीच्या तशी उचलू नका. परजीवींची नावं बदलली आहेत, यजमानांचीही. पीनियस या वंशाचे 1997 मध्ये अनेक वंश करण्यात आले आणि 2011 नंतर बरेच जण ते परत एकत्र धरतात. त्यामुळे एकच कोळंबी तुम्हाला फेनेरोपीनियस आणि पीनियस अशा दोन्ही नावांनी भेटेल. प्रत्येक जुनं नाव आजच्या नावाशी जोडून एक तक्ता करा. प्रबंधातलं ते सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत उपयोगी पान असेल.

अपुऱ्या पुराव्यावर कुठे थांबावं याचं एक उदाहरण मला फार आवडतं. जीवाश्म झालेल्या कवचधारींवर जुरासिक काळापासून अगदी असेच गालाचे फुगवटे दिसतात. परजीवीचं शरीर मात्र त्यांत टिकलेलं नसतं. अभ्यासकांनी 2014 मध्ये त्या फुगवट्यालाच ‘कँथिलोमा क्रस्टा’ हे नाव दिलं. ते खुणेचं नाव आहे, प्राण्याचं नाही. फुगवटा कोणी केला याचा अंदाज त्यांना होता, तरी जे हातात नव्हतं त्याला त्यांनी नाव दिलं नाही.

तेव्हा सध्या तुमच्या तक्त्यात दोन स्वतंत्र ओळी करा. पहिली: यजमान पीनिइड कोळंबी, परजीवी बोपायरिडी, बहुधा ऑर्बिओनिनी, वंश अनिश्चित. दुसरी: यजमान पॅलिमोनिड कोळंबी, परजीवी बोपायरिडी, बहुधा बोपायरिनी, प्रोबोपायरसशी ताडून बघायचा. ‘बहुधा’ हा शब्द खुणा तपासून झाल्यावरच काढा. वंशापर्यंत पोचलात आणि जात ठरत नसेल तर वंशाच्या नावापुढे ‘जात अनिश्चित’ लिहून सोबत पहिला ऊस्टेगाइट, मॅक्सिलिपेड, बार्बुला, प्लिओपॉड आणि नर यांची चित्रं द्या. त्या चित्रांवरून पुढचा कोणीही तुमचा नमुना ओळखू शकेल.

ती चित्रं तयार झाली की विभागाचं पत्र घेऊन आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्राशी संपर्क साधा, आणि नमुने तिथे जमा करता येतील का तेही विचारा. जाताना नर, मादी आणि यजमान कोळंबी तिन्ही न्या. इथे नर आणि पहिल्या ऊस्टेगाइटचे फोटो टाकलेत तर मीही बघेन. मादीचा नुसता वरून काढलेला फोटो मात्र टाकू नका, त्यावरून मला काहीच सांगता येणार नाही.